शेगडीतली निळी ज्योत

शेगडी चांगली धगधगली की लाल निखाऱ्यांच्या माथ्यावर निळसर ज्योती थरथरताना दिसतात. जाळीतून आत आलेली हवा तळाचा कोळसा जाळते, त्यातून कार्बन डायऑक्साइड होतो. तो तापलेल्या निखाऱ्यांच्या थरातून वर चढताना आणखी कार्बन उचलतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो. वर मोकळी हवा भेटली की तोच निळा जळतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांचा जीव घेणारा वायूही हाच. कोळशापासून इंधन करायचं तर कोळसा पुरता जळू द्यायचा नाही आणि हा वायू पेट घेण्याआधीच धरायचा.

कारखान्यात शेगडीच्या जागी दाबाखालचं बंद भांडं असतं, गॅसिफायर. त्यात हवा किंवा ऑक्सिजन बेतानं सोडतात आणि सोबत वाफ. तप्त कार्बन वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतो, हायड्रोजन सुटा होतो. ही क्रिया उष्णता खाते, म्हणून थोडा कोळसा जळत ठेवावाच लागतो. हाती येतो तो मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचा सिनगॅस.

आपल्याकडे घोडं अडतं ते राखेवर. शेगडीची जाळी तुंबली तर सळईनं टोकरता येते. पण आपल्या बऱ्याच कोळशात शंभर किलोमागे तीस ते पंचेचाळीस किलो राखच असते. परदेशातले अनेक गॅसिफायर चौदाशे-पंधराशे अंशांवर राख वितळवून खाली ओततात. आपला कोळसा त्यात घातला तर बरीच धग माती वितळवण्यातच जायची. म्हणून भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) या सरकारी कंपनीनं दुसरी वाट धरली. कोळसा बारीक करायचा आणि खालून हवा-वाफेचा असा झोत द्यायचा की भट्टीतल्या लाह्यांसारखे कण उसळत राहावेत. तापमान हजार अंशांच्या आसपास आवरायचं, म्हणजे राख न वितळता भुकटीच राहते आणि काढून घेता येते. हैदराबादच्या भेलच्या केंद्रात अशा राखाळ कोळशापासून रोज पाव टन मिथेनॉल करणारं प्रायोगिक संयंत्र २०२१ मध्ये उभं राहिलं. आकडा लहान आहे, पण माझ्या मते या क्षेत्रातली आपली सर्वांत मोलाची कमाई तीच.

हे मोठ्या प्रमाणावर करणं एका कंपनीच्या आवाक्यातलं नाही. कोल इंडियाकडे खाणी आहेत, भेलकडे गॅसिफायर, गेलकडे पाइपलाइनचं जाळं. म्हणून २०२४ मध्ये कोल इंडिया आणि भेल यांनी संयुक्त कंपनी काढली. ओडिशात लखनपूरला कोळशापासून अमोनियम नायट्रेट करायचा तिचा बेत आहे. कोल इंडियाच्या गेलबरोबरच्या भागीदारीत पश्चिम बंगालमध्ये कोळशापासून नैसर्गिक वायूसारखं इंधन करायचं ठरलं आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं अशा प्रकल्पांसाठी ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

आता स्वच्छतेचं. सिनगॅस वापरण्याआधी धुतला जातो. मिथेनॉल घडवणारा तांबे-जस्ताचा उत्प्रेरक गंधकानं मरतो, त्यामुळे गंधक काढावंच लागतं. धूळ, राखही आधीच जाते. पुढे मिथेनॉलमधलं पाणी काढलं की डायमिथाइल इथर मिळतं, जे सिलिंडरच्या गॅसमध्ये मिसळता येतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं मिथेनॉलपासून ते बनवण्याचं प्रायोगिक संयंत्र उभारलं आणि त्या मिश्रणासाठी वेगळा बर्नरही घडवला.

कार्बनचा हिशेब मात्र सुटत नाही. मिथेनॉलला कार्बन मोनॉक्साइडच्या दुप्पट हायड्रोजन लागतो. कोळशातून तेवढा मिळत नाही, म्हणून थोड्या मोनॉक्साइडवर पुन्हा वाफ सोडून हायड्रोजन काढतात आणि त्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड पदरात पडतो. एक गोष्ट बरी, की तो चिमणीच्या धुरासारखा नायट्रोजनमध्ये विरलेला नसतो. वायू धुतानाच तो वेगळा निघतो, म्हणजे पकडण्याचं निम्मं काम झालेलंच असतं. प्रश्न उरतो ठेवायचा कुठे. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ब्यूलाचा कारखाना लिग्नाइटपासून नैसर्गिक वायू करतो. तिथला बराचसा कार्बन डायऑक्साइड सुमारे ३३० किलोमीटर लांबीच्या नळीतून कॅनडात वेबर्नच्या तेलक्षेत्रात जातो आणि जमिनीखाली सोडला जातो. कारखाना १९८४ चा, नळी सुरू झाली २००० मध्ये. मधली सोळा वर्षं तो सगळा वायू हवेत जात होता.