शेवटी चढतो तो पहिला उतरतो

मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीला यायचं तर मधे पाच मिनिटांची खाडी. बोट धक्क्याला लागली की खलाशी आधी दुचाक्या आत घेतो. फळीवरून एकेक गाडी उतरवताना तो हँडल धरतो आणि डोळ्यांनी बोटीचा काठ पाण्यापासून किती वर आहे ते बघतो. जड बुलेट मधोमध येते, स्कूटर कडेला जातात. एक डावीकडे गेली की पुढची उजवीकडे. मासळीच्या रिकाम्या पाट्या घेऊन मालाडच्या बाजारातून परतणाऱ्या कोळणी एकाच बाजूला दाटीनं बसल्या, तर तो नुसता हात करतो आणि त्यातल्या दोघी-तिघी उठून समोर जाऊन बसतात. कुणी कुणाला कारण विचारत नाही.

मी हे रोज बघतो आणि दर वेळी थांबून बघतो. माझी वीस वर्षं याच कामात गेली. माझी बोट मात्र तीस हजार फुटांवरून जायची.

मी भारतीय हवाई दलात लोडमास्टर होतो. गावात अजून पुष्कळांना वाटतं, की मी विमान चालवायचो. विमान चालवणारे पुढे बसत. आमच्या आयएल-७६ मध्ये तर नाकाच्या खालच्या बाजूला काचेची एक खोली आहे, तिथे नॅव्हिगेटर बसतो, आणि वैमानिक त्याच्या डोक्यावर. मी या सगळ्यांच्या मागे, मालाच्या पोटात. साडेतीन मीटर रुंद, तेवढीच उंच आणि रॅम्प सोडला तरी वीस मीटर लांब अशी ती जागा. छताला रुळांवर सरकणारे चार विजेचे हॉइस्ट आणि जमिनीत लोखंडी कड्यांच्या रांगा. चाळीस टनांहून जास्त माल घेणाऱ्या या विमानाला हवाई दलानं ‘गजराज’ नाव दिलं. हे नाव मला मनापासून आवडतं, कारण हत्तीवर अंबारी चढवतानाही माहूत आधी तोल बघतो.

आमचं खरं काम कागदावर सुरू होई. त्याला लोडशीट म्हणतात. प्रत्येक डागाचं वजन किती आणि तो एका ठरावीक रेषेपासून किती अंतरावर ठेवलाय, या दोन आकड्यांचा गुणाकार करायचा. सगळे गुणाकार मिळवायचे आणि एकूण वजनानं भागायचे. जो आकडा येतो ती विमानाच्या तोलाची जागा. ती ठरलेल्या पट्ट्यात हवी. माल फार मागे गेला, तर उडताना नाक आपोआप वर चढतं आणि ते खाली दाबायला वैमानिकाकडे ताकद उरत नाही. फार पुढे गेला, तर धावपट्टी संपत आली तरी नाक उचलत नाही. खलाशाच्या डोळ्यांत हा हिशेब असतो, आम्हाला तो पेन्सिलीनं मांडावा लागे. माझं स्वतःचं वजनही त्या कागदावर असे.

मग बांधणं. सगळ्यांत जास्त बांधायचं ते पुढच्या दिशेला. विमान ब्रेक लावतं तेव्हा माल पुढे जायला बघतो, म्हणून तिथे वजनाच्या साधारण तिप्पट ताण धरून साखळ्या लावायच्या. साखळ्या नेहमी जोडीनं, दोन्ही बाजूंना सारख्या कोनात. एक सरळ आणि एक तिरकी लावली, तर सगळा भार आखूड असलेलीवर येतो, आणि ती तुटल्यावर दुसरीही तुटते.

नवीन असताना मी रॉकेलच्या पिंपांचा एक लोड बांधला. पिंपं काठोकाठ भरत नाहीत, उंचीवर दाब कमी झाला की आतलं फुगतं, म्हणून वर थोडी जागा सोडतात. ते सगळं मी नीट पाहिलं होतं. जाळी टाकली, साखळ्या ताणल्या, आणि माझ्यावरच्या वॉरंट ऑफिसर साहेबांना सांगितलं, ‘‘सर, झालं.’’ ते काही बोलले नाहीत. पिंपांच्या रांगेतून चालत गेले आणि जाताना प्रत्येक साखळीवर तळहात मारत गेले. ताणलेली साखळी टणक आवाज देते. सहावी की सातवी साखळी खुळखुळली. खाली वाकून बघितलं, तर आकडा कड्यात पूर्ण बसलाच नव्हता, नुसत्या टोकावर टेकला होता. जमिनीवर सगळं घट्ट दिसत होतं. पहिल्या झोक्याला तो निसटला असता. साहेब मला रागावले नाहीत. माझा हात धरून त्यांनी तो त्या आकड्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘डोळा फसतो. हात लाव.’’ त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकही साखळी नुसती बघून सोडली नाही.

मी ज्या ४४ स्क्वाड्रनमध्ये होतो, तिचा इतिहास लोक सांगतात तेव्हा उतरण्याच्या गोष्टी सांगतात. मला त्यात नेहमी चढवण्याच्या गोष्टी दिसतात. स्क्वाड्रन १९६१ साली उभी राहिली, एएन-१२ विमानांवर. पुढच्याच वर्षी चीनशी युद्ध पेटलं आणि ऑक्टोबर १९६२ च्या अखेरीस चंडीगडहून एएमएक्स-१३ रणगाडे चुशूलला उचलायचा हुकूम आला. चुशूलची धावपट्टी चौदा हजार फुटांहून उंच. हवा इतकी विरळ, की पंख आणि इंजिनं दोन्ही कमी काम करतात. रणगाडा तर चौदा-पंधरा टनांचा, आणि त्याचं सगळं वजन दोन पट्ट्यांवर. तो आत घेताना विमानाची जमीन किती सोसेल, हा प्रश्न आधी सोडवावा लागला. विमानात इंधनही मोजूनच भरावं लागलं. सहा रणगाडे वर पोचले. कुणी उडवलं हे नोंदींत सापडतं. त्या जमिनीवर भार कसा पसरवायचा हे ज्यांनी ठरवलं, त्यांची नावं मला कुठेच वाचायला मिळाली नाहीत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

१९७१ मध्ये याच विमानांतून बॉम्ब टाकले गेले. मालवाहू विमानातून! बॉम्ब मालाच्या जागेत रचायचे, रोलरवरून सरकवायचे आणि मागच्या उघड्या दारातून खाली सोडायचे. पाकिस्तानातल्या छांगा मांगाच्या जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर ४४ स्क्वाड्रननं हल्ला केला तो असा. यातही तोलाचाच खेळ असतो, कारण एकेक बॉम्ब बाहेर पडतो तसा विमानाचा तोल सरकत जातो.

१९८५ मध्ये आयएल-७६ आलं आणि तीन वर्षांनी मालदीव. ३ नोव्हेंबर १९८८ ला पहाटे भाडोत्री बंडखोरांनी माले शहर ताब्यात घेतलं आणि राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी भारताकडे मदत मागितली. त्याच संध्याकाळी आग्र्याहून ५० पॅराशूट ब्रिगेडचे जवान घेऊन दोन आयएल-७६ निघाली. पहिल्याचे कप्तान होते स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर, ग्रुप कॅप्टन अनंत बेवूर. सुमारे अडीच हजार किलोमीटर न थांबता जायचं, आणि हुलुलेच्या बेटावर, जिथे धावपट्टीच्या दोन्ही टोकांना समुद्र आहे, तिथे काळोखात उतरायचं. ठरलेला सांकेतिक शब्द मिळाल्यावर धावपट्टीचे दिवे क्षणभर लागले आणि पुन्हा विझले. तेवढ्यात विमान टेकलं. ही गोष्ट मी पुढे दाखल झाल्यावर शंभरदा ऐकली, आणि दर वेळी माझं मन आग्र्याच्या त्या दुपारकडे जाई.

कारण जवान आधी पॅराशूटनं उतरणार की विमान टेकणार, याचीच चर्चा चालू होती. दोन्हींसाठी विमान वेगवेगळं भरावं लागतं. उडी मारायची असेल तर दारांपर्यंत मोकळी वाट हवी. उतरायचं असेल तर जीप रॅम्पजवळ हवी, तोंड बाहेरच्या दिशेला, साखळ्या अशा की एका झटक्यात सुटतील. शेवटी चढतो तो पहिला उतरतो, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. समोर शत्रू आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या धावपट्टीवर रॅम्प खाली पडल्यानंतरचं पहिलं मिनिट कसं जाणार, हे आग्र्यात दुपारीच ठरलेलं असतं.

या सगळ्याच्याही मागे १२ स्क्वाड्रन आहे, हवाई दलाची पहिली वाहतूक तुकडी. २७ ऑक्टोबर १९४७ ला तिच्या डाकोटांनी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान श्रीनगरला उतरवले. पुढच्या वर्षी, २४ मे १९४८ ला, एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहच्या वाळूत डाकोटा उतरवलं. तिथली धावपट्टी सोनम नोर्बू नावाच्या लडाखी इंजिनिअरनं स्थानिक माणसांच्या हातांनी तयार करून घेतली होती. विमानात ऑक्सिजनची सोय नाही, वाटेचा धड नकाशा नाही. डाकोटा नेऊन नेऊन नेणार तीन टनांच्या आतच. त्या तीन टनांत काय घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं हे ठरवणाऱ्यावर काय दडपण असेल, ते मला कळतं.

लेहला मी पुष्कळदा गेलो. दुपारी वारा सुटतो म्हणून पहाटे निघायचं. एका बाजूनं उतरायचं आणि उलट दिशेनं, उताराच्या बाजूला उडायचं, कारण पुढे डोंगर आहे. तिथे इंजिन बंद केलं तर विरळ थंड हवेत पुन्हा चालू होईलच याची खात्री नसते, म्हणून कित्येकदा इंजिनं चालूच ठेवून माल उतरवायचा. कानात काही ऐकू येत नाही, फक्त हातांच्या खुणा. दोन पेट्या उचलल्या की धाप लागते. सियाचिनसाठी जाणारा माल मी हातांनी ओळखतो. रॉकेल, पीठ, बर्फाचे बूट. आणि टपालाच्या पिशव्या, ज्या कुणी कधी फेकत नाहीत, दोन्ही हातांनी पुढे देतात.

एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, टीव्हीवर मी पुण्याच्या लोहगाव हवाई तळाचं दृश्य बघितलं. सी-१७ च्या पोटात ऑक्सिजनचे रिकामे टँकर उलटे, रिव्हर्समध्ये चढत होते. ते जामनगरला जाणार होते. भरलेले टँकर विमानातून नेणं धोक्याचं, म्हणून जाताना रिकामे विमानानं आणि परतताना भरलेले रस्त्यानं किंवा रेल्वेनं. घरातले सगळे विमानाकडे बघत होते, मी चाकांमागे गुडघे टेकून साखळी ताणणाऱ्या मुलाकडे. त्यानं तळहात मारून बघितला. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पण माझ्या मनात घर करून राहिलं ते भुज. २६ जानेवारी २००१, सकाळी पावणेनऊला धरणी हलली. भुजच्या हवाई तळाच्याही इमारती पडल्या, आमची माणसं गेली. आम्ही नागपूरहून उडालो. सोनेगावच्या धावपट्टीवर त्या दिवसांत आमचे गजराज उभे असत. जाताना तंबू, घोंगड्या, औषधं, जनरेटर. येताना जखमी. ज्या कड्यांत साखळ्या अडकवल्या होत्या, त्याच कड्यांत स्ट्रेचरचे पट्टे अडकवले. पुण्याला उतरायचं होतं. माणसं भरतानाही लोडशीट लागतंच, म्हणून मी दारात उभा राहून मोजत होतो.

एक कच्छी म्हातारी आली. हाताला फळी बांधलेली, अंगावर काळं लोकरी ओढणं धुळीनं पांढरं झालेलं. दुसऱ्या हातात एक गाठोडं होतं आणि ते ती खाली ठेवायला तयार नव्हती. तिची भाषा मला येत नव्हती. नियमानं सैल सामान मांडीवर घेऊन बसता येत नाही, ते बांधायला लागतं. मी गाठोड्याला हात लावला तशी तिनं ते छातीशी ओढलं. मग मी तिच्या कमरेचा पट्टा थोडा सैल केला, तो गाठोड्यावरूनच घेतला आणि परत ताणला. तळहात मारून बघितला. तिनंही तिचा चांगला हात त्यावर ठेवून बघितला आणि मान हलवली.

परत दारापाशी येऊन मी कागदावर लिहिलं : प्रवासी १, सामान ४ किलो.