डागही तेच, ढालही तीच

१९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी दवाखाना थाटायला गेला आणि चक्रावला. तिथेच जन्मलेल्या, वाढलेल्या कितीतरी लोकांच्या दातांवर चॉकलेटी डाग होते. ते घासून जात नव्हते. त्याहून मोठं नवल पुढे कळलं: हे डागाळलेले दात सहसा किडत नव्हते!

कोडं सुटायला तीस वर्षं लागली. १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाने अशा गावांचं पाणी तपासलं, तेव्हा त्यात भरपूर फ्लोराइड सापडलं. डाग पाडणारं तेच, दात राखणारंही तेच.

आज ते आपल्या टूथपेस्टमध्ये असतं. ‘मुलाच्या पोटात गेलं तर?’ ही आईबापांची धास्ती रास्त आहे. तिचं उत्तर दातातच दडलंय.

आपण गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू त्यापासून आम्ल बनवतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की इनॅमल, आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, विरघळू लागतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट निसटतं. मग लाळ ते परत बसवते. या डागडुजीच्या वेळी फ्लोराइड हाताशी असेल, तर ते स्फटिकातल्या हायड्रॉक्सिलच्या जागी जाऊन बसतं आणि नवा स्फटिक पीएच ४.५ च्या आसपासपर्यंत तग धरतो. हे सगळं दाताच्या पृष्ठभागावर घडतं. त्यासाठी पेस्ट गिळावी लागत नाही.

डाग मात्र गिळलेल्या फ्लोराइडचे. हसताना दिसणारे कायमचे दात जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीखाली घडत असतात. त्या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेलं तर इनॅमल सच्छिद्र होतं आणि दात वर येतो तोच डाग घेऊन. एकदा घडलेल्या दाताला असा डाग पडत नाही.

आता हिशेब करू. पेस्टमधलं फ्लोराइड १००० पीपीएम असेल, तर १ ग्रॅम पेस्टमध्ये ते १ मिलिग्रॅम असतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या लीटरभर पाण्यात जेवढं असायला हरकत नाही, तेवढंच! म्हणून तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या काही गावांत तर भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे आधी बोअरचं पाणी तपासून घ्यावं, कारण वर्षानुवर्षं असं पाणी पोटात गेलं तर हाडंही जखडतात.

अति तिथे माती, हे इथे मिलिग्रॅममध्ये मोजता येतं. मूल चूळ भरून थुंकायला शिकेपर्यंत ब्रश करताना त्याच्या शेजारी उभे राहा. ढालीला तांदळाचा दाणा पुरतो.