डोळ्याच्या नसेवरची गाठ: शस्त्रक्रियेऐवजी रेडिएशन का?

एका डोळ्याने हळूहळू धूसर दिसू लागते, रंग फिके वाटतात, पण दुखत काहीच नाही. चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडत नाही. मग एमआरआयमध्ये डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेच्या, म्हणजे ऑप्टिक नर्व्हच्या आवरणात मेनिंजिओमा नावाची गाठ दिसते. ती मध्यमवयीन स्त्रियांमध्ये जास्त आढळते, बहुधा कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते.

"डॉक्टर, गाठ काढूनच टाका ना!" नातेवाईक हमखास म्हणतात. अडचण अशी, की गाठ नसेला वेढून असते आणि नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही तिथेच असतात. गाठ सोलून काढताना त्या तुटल्या, की त्या डोळ्याची दृष्टी जाते. म्हणूनच बायोप्सीही सहसा टाळतात. दृष्टी चांगली असेल तर नियमित तपासण्या करत थांबता येते. मात्र ती घटू लागली, तर रेडिएशनला उशीर करू नये. पूर्ण गेलेली दृष्टी परत येणे कठीण असते.

आपल्याकडे याला 'शेक देणे' म्हणतात, पण यात उष्णता जाणवत नाही आणि दुखतही नाही. डोके हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मास्क बनवतात. सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमा एकमेकींवर जुळवून मिलिमीटरच्या अचूकतेने किरणांची दिशा ठरवतात. त्यामुळे मेंदू, डोळ्याचा पडदा आणि दुसऱ्या डोळ्याची नस बऱ्याच अंशी वाचते.

गाठीच्या आतली नस मात्र वगळता येत नाही. म्हणून रोज १.८ ग्रे इतकाच डोस, आठवड्यातून ५ दिवस, असे २८ ते ३० वेळा देतात, एकूण ५०.४ ते ५४ ग्रे. मधल्या वेळात निरोगी पेशी स्वतःची दुरुस्ती करतात. 'एकाच दिवसात उपचार' ऐकायला छान वाटते, पण एकदम दिलेला मोठा डोस या नसेला सोसत नाही.

उपचारादरम्यान थकवा, डोकेदुखी, कानशिलाजवळचे थोडे केस गळणे, डोळा कोरडा पडणे असे त्रास होऊ शकतात. काही रुग्णांत पुढे मोतीबिंदू किंवा पडद्याचा विकार होतो. क्वचित पिट्युटरी ग्रंथीची संप्रेरके कमी पडतात. त्यामुळे तपासण्या वर्षानुवर्षे चालू ठेवाव्या लागतात.

उपचारानंतरच्या एमआरआयमध्ये गाठ तेवढीच दिसली, तर घाबरू नका. ती बहुतेकदा नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबते. आधी दृष्टी आणि व्हिज्युअल फील्डचे रिपोर्ट पाहा.