मोरसाच्या घाटावर उतरलेले रत्नागिरीकर

पांढऱ्या दाणेदार साखरेस आपल्याकडे एके काळीं ‘मोरस साखर’ म्हणत. हें मोरस म्हणजे हिंदी महासागरांतील मॉरिशस बेट होय. ज्या बेटाचें नांव साखरेच्या मिषानें महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत येऊन बसलें, त्याच बेटावरील उसाच्या मळ्यांत राबण्याकरितां रत्नागिरीकडील माणसें शिडाच्या जहाजांतून गेलीं, ही गोष्ट मात्र आपल्या इतिहासलेखनांत फारशी आलेली नाहीं. त्यांचें तेथील आगमन कसें होई, त्याची नोंद कोणत्या स्वरूपांत राहिली आणि त्या नोंदींचा आपल्या दप्तरांशीं मेळ कसा घालतां येईल, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

मॉरिशसमध्यें १ फेब्रुवारी १८३५ रोजीं गुलामगिरी रद्द झाली. ती रद्द होणार हें दिसूं लागतांच मळेवाल्यांनीं हिंदुस्थानांतून मजूर आणण्यास आरंभ केला होता. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलास’ हें जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईस बंदरास लागलें. करार पांच वर्षांचा असून पुरुषास दरमहा पांच रुपये, शिवाय शिधा व वस्त्र असें वेतन ठरलें होतें. पुढें या व्यवहाराविषयीं तक्रारी होऊन १८३९ सालीं कायद्यानें बंदी घालण्यांत आली. १८४२ च्या कायद्यानें कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन बंदरांतून मॉरिशसला जाण्याची मोकळीक पुन्हा मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी लोक तेथें उतरले. त्यांत मुंबईचा वांटा इतर दोन बंदरांहून पुष्कळ लहान होता. तथापि मुंबईहून गेलेल्यांत कोंकणी माणसाचा भरणा विशेष होता. येथें एक ध्यानांत ठेवावें कीं, आज सिंधुदुर्गांत गणला जाणारा मालवण-वेंगुर्ल्याचा मुलूख १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. म्हणून जुन्या कागदांतील ‘जिल्हा रत्नागिरी’ हा उल्लेख व्यापक अर्थानेंच घेतला पाहिजे.

समुद्रसंयान हें बौधायनानें पतनीयांत गणलें आहे. परंतु ज्याच्या घरीं खोताचें देणें थकलें होतें, त्याला शास्त्राहून पोटाची आज्ञा प्रबळ वाटली, तर त्यांत नवल नाहीं. पावसाळा संपून ईशान्येकडील वारा सुरू झाला म्हणजे जहाजास दक्षिणेकडे जाण्यास अनुकूलता होई. विषुववृत्ताजवळ वारा पडे आणि शिडें लोंबत राहत. तेथून पुढें आग्नेयेकडील स्थिर वाऱ्याचा प्रदेश लागे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून सुमारे सतरा अंश वर दिसणारा ध्रुव दिवसेंदिवस खालीं उतरत जाऊन विषुववृत्तापाशीं क्षितिजाआड होई. ज्या ताऱ्याला आपण अढळ म्हणतों, तोच अस्तास जातांना या लोकांनीं पाहिला. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर असल्यामुळें ऋतुहि उलटे. आपला पौष तेथें भर उन्हाळ्यांत पडतो.

बेट दिसलें म्हणजे प्रवास संपलाच असें नसे. जहाजावर सांथ असल्यास उतारूंस बाहेरील लहान बेटांवर अडकवून ठेवीत. १८५६ च्या आरंभीं कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवरील लोक गॅब्रिएल बेटावर असे ठेवले असतां अडीचशेंहून अधिक माणसें दगावलीं, आणि त्यावरून हिंदुस्थान सरकारनें कांहीं काळ मजूर पाठविणें बंद केलें. ज्यांस बंदरांत येण्याची परवानगी मिळे, त्यांस पोर्ट लुईस येथील आगमन-आगारांत नेत. १८४९ पासून हें आगार त्रू फांफारों या भागांत होतें. तेथें दगडी पायऱ्या चढून माणूस आंत येई, त्याची तपासणी व नोंद होई आणि नंतर तो मळ्याकडे रवाना होई. लोक या जागेस ‘कुली घाट’ म्हणत. १९८७ सालीं तिचें ‘आप्रवासी घाट’ असें नामांतर झालें व २००६ सालीं युनेस्कोनें तिला जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. ‘आप्रवासी’ या शब्दांतील ‘आ’ हा उपसर्ग ‘इकडे’ या अर्थाचा आहे. कोंकणी माणसाच्या तोंडीं घाट म्हणजे सह्याद्रि. येथें मात्र समुद्रांतून जमिनीवर चढण्याचा घाट त्याच्या वांट्यास आला.

आतां नोंदींविषयीं. प्रत्येक माणसास एक अंक मिळे. वहींत त्या अंकापुढें नांव, बापाचें नांव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, गांव व जिल्हा, जहाज आणि मळा हे तपशील भरीत. १८६७ च्या कायद्यानें छायाचित्रासह परवाना जवळ बाळगणें जुन्या मजुरांवर बंधनकारक झालें. हा दप्तरसंग्रह मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जतन केलेला आहे.

या नोंदी वाचतांना मुख्य अडचण नांवांची आहे. लेखनिक परभाषी; कानांस लागलें तें त्यानें रोमन लिपींत उतरलें. महाप्राण अक्षरें गळालीं, ‘ळ’ चा ‘ल’ झाला, ‘ड’ व ‘र’ यांची सरमिसळ झाली. शिवाय ‘कर’ प्रत्ययाचें आडनांव वहींत क्वचितच आलें. आज्याचें किंवा पणज्याचें नुसतें नांव हेंच पुढें वंशजांचें आडनांव बनलें. गांव सांगणारा प्रत्ययच हरवल्यामुळें कुळाचा माग तुटतो. अशा ठिकाणीं गांवाच्या नांवाचा विकृत उच्चार मोठ्यानें म्हणून पाहावा, तालुक्याच्या ग्रामयादीशीं ताडावा व मगच निर्णय करावा. केवळ ध्वनिसाम्यावर विसंबूं नये.

नांवें बदललीं तरी आचार टिकला. मॉरिशसांतील मराठी लोकांचें ‘झाकरी’ नृत्य म्हणजे आपल्या कोंकणची ‘जाखडी’च होय. ‘ख’ मधील महाप्राण ‘ज’ वर गेला आणि ‘ड’ चा ‘र’ झाला. वर्णविपर्ययाचा हा चांगला मासला आहे. गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते.

मॉरिशसकडील बाजू अशी बरीच सुरक्षित आहे. उणीव आहे ती आपल्याकडील बाजूची. सनदा, महजर, वंशावळी यांचा संग्रह आपण आस्थेनें करतों; परंतु एकोणिसाव्या शतकांतील खोती जमाखर्च, कुळांच्या याद्या व घरगुती पत्रें ‘अर्वाचीन’ म्हणून वाळवीच्या स्वाधीन करतों. वस्तुतः ज्याच्या नांवापुढें ‘परागंदा’ एवढाच शेरा आहे, तो माणूस कदाचित् पोर्ट लुईसच्या वहींत अंकासह उभा असेल. तेथील अंकास गांव नाहीं आणि येथील शेऱ्यास पुढची हकीकत नाहीं. सबब संग्राहकांस विनंति कीं, ‘मोरस’, ‘मिरीच’ किंवा ‘परागंदा’ असा उल्लेख असलेला कागद हातीं आल्यास तो कितीहि फाटका असो, टाकून देऊं नये; त्यावरील गांव, कूळ व साल यांची नक्कल करून ती मंडळाकडे द्यावी. मोरसास गेलेल्यांचे वंशज आपलें मूळ गांव विचारीत येतात; त्यांस उत्तर देण्याचें साधन आपल्या माळ्यावरील रुमालांतच असण्याचा संभव आहे.