गप्प बसलेल्या माणसाचा मेंदू

एक तरुणी डोळे मिटून बसली आहे. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी. समोर एकेक वाक्य वाचलं जातंय, तेही जणू तीच बोलते आहे अशा थाटात: 'मी आर्सेनिक विकत घेतलं.' तिने हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं. राज्याच्या मुंबईतल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत झालेली ही चाचणी जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात पुरावा म्हणून मानली. इतर पुरावेही होते. तरुणीला जन्मठेप झाली. मेंदूच्या लहरींवर न्यायालयाने एवढा भरवसा ठेवलेला पाहून जगभरच्या मेंदूतज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या.

चाचणीमागचा दावा भलताच मोहक होता. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ सी. आर. मुकुंदन यांचं म्हणणं असं, की नुसती ऐकलेली गोष्ट आणि स्वतः केलेली गोष्ट यांची आठवण मेंदूत वेगवेगळी उमटते, आणि हा फरक संगणकाला ओळखता येतो.

दुसऱ्याच्या मनात डोकावण्याचा हा हव्यास मेंदूच्या लहरी टिपण्याच्या विद्येच्या जन्मापासूनचा आहे. जर्मनीतला हान्स बर्गर तरुणपणी लष्करी सरावात घोड्यावरून पडला आणि थोडक्यात बचावला. त्याच दिवशी घरून तार आली: सगळं ठीक आहे ना? दूर असलेल्या बहिणीला उगाचच भावाच्या जिवाची काळजी लागली होती. विचार असा एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातो तरी कसा, या ध्यासापायी बर्गर मेंदूकडे वळला. १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज त्याने पहिल्यांदा कागदावर उतरवली. परचित्तज्ञान काही सापडलं नाही. सापडला तो ईईजी, जो आज फिटच्या आजारासाठी सर्रास काढतात.

ईईजीला मेंदूतली घटना सेकंदाच्या हजाराव्या भागात कळते, पण नेमकी कुठे घडली ते सांगताना तो चाचपडतो. चुंबकाच्या यंत्राने मेंदूचं चित्र काढणाऱ्या एफएमआरआयचं उलट. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो २० टक्के. जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं. आता गंमत बघा: ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला किंचित वेगळा प्रतिसाद देतं. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये नेमका हाच फरक पकडला, आणि कवटीला धक्का न लावता मेंदूचं काम पाहता येऊ लागलं. आपल्या रक्तातल्या लोहाने आपल्याच विचारांचा माग काढावा, यापरतं नवल काय असेल?

पण माग रक्ताचा आहे, विचाराचा नव्हे. आमच्या सोनाळ्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, पाणी कोणत्या वाफ्यात वळलंय ते बांधावरून दिसतं. तिथे काय पेरलंय ते नुसत्या पाण्यावरून सांगता येत नाही. शिवाय हे रक्त पाचेक सेकंद उशिरा पोचतं, आणि चित्रातल्या एका ठिपक्यात लाखो पेशी मावतात. मेंदू तर सगळाच सतत जागा असतो. म्हणून एक काम करतानाच्या चित्रातून दुसऱ्या कामाचं चित्र वजा करतात. उरतं ते लाल-पिवळं रंगवतात. म्हणजे हा फोटो नाही, वजाबाकीचा हिशेब आहे. आणि हिशेबात ढिलाई झाली तर काय होतं? २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली, यांच्या मनात काय चाललंय असं विचारलं. संख्याशास्त्राची नेहमीची दक्षता मुद्दाम बाजूला ठेवताच माशाच्या मेंदूत ठिपके उजळले! मला वाटतं, हा मासा प्रत्येक न्यायालयाला दाखवायला हवा.

त्या तरुणीला पुढे मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सेल्वी नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करणं घटनाबाह्य ठरवलं. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणालाही भाग पाडता येत नाही, आणि तोंड बंद ठेवून मेंदूकडून काढून घेतलेली साक्षही साक्षच.

मेंदूत डोकावण्याचं हेच तंत्र मेंदूचा मालक स्वतः साथ देतो तेव्हा मात्र थक्क करून सोडतं. केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांच्या चमूपुढे २३ वर्षांची एक बाई होती. मोटार अपघातानंतर जागी दिसे, पण कशालाच प्रतिसाद नाही. स्कॅनरमध्ये तिला सांगितलं, टेनिस खेळते आहेस अशी कल्पना कर. हालचाल आखणारा भाग उजळला. मग, घरातल्या खोल्यांतून फिर. आता जागा ओळखणारे भाग उजळले, अगदी धडधाकट माणसासारखे. हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. चार वर्षांनी अशाच एका रुग्णाने प्रश्नांची उत्तरं दिली: 'हो'साठी टेनिस, 'नाही'साठी घर.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांचे मेंदू एफएमआरआय किंवा ईईजीमध्ये सूचना पाळताना आढळले. चारातला एक. त्याच अभ्यासात, सूचना उघडपणे पाळू शकणाऱ्या ११२ जणांपैकी यंत्राला मात्र फक्त ४३ सापडले. तेव्हा पडद्यावर काही उजळलं नाही म्हणून आत कुणीच नाही, असं कोणत्याही डॉक्टरला म्हणता येत नाही.