रक्ताची घडण आणि लोह

वासराच्या पापण्यांची आंतली बाजू व हिरड्या पांढुरक्या दिसूं लागल्या म्हणजे त्याच्या अंगांत रक्त कमी झालें हें आपण ओळखतों, व लोहाचें औषध आणावयास धांवतों. पुष्कळदां तें बरोबरही असतें. दुधांत लोह फारच थोडें, तेव्हां केवळ दुधावर ठेविलेल्या वासरास तें कमी पडावयाचेंच. परंतु लोह पोटांत गेलें म्हणजे रक्त झालें असें मात्र नाहीं.

तांबडे रक्तकण हाडांतील मज्जेंत तयार होतात. मनुष्याच्या देहांत दर सेकंदास सुमारें २० लक्ष नवे कण घडतात. वाढत्या कणाच्या पोटांत मायटोकॉन्ड्रिया नांवाच्या अतिसूक्ष्म कोठड्या असतात. शक्ति उत्पन्न करणाऱ्या चुली म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. पण येथें त्यांचें काम लोहाराच्या भट्टीचें. रक्तास लाली देणारें जें हीम, त्याच्या घडणीची पहिली पायरी या कोठड्यांतच होते; मधल्या कांहीं बाहेर होतात; आणि शेवटीं तयार झालेल्या रिकाम्या कड्याच्या मध्यभागीं, तुंब्यांत आंस बसवावा तसा, लोहाचा एक अणु येथेंच बसविला जातो. लोहास आंत घेणारें एक निराळें द्वारही आहे. झेब्रा माशांवरील संशोधनांत तें २००६ सालीं सांपडलें. ज्या माशांत तें बिघडलेलें होतें, त्यांच्या अंगीं लोह असूनही रक्त धरेना.

अशीं चार हीमें प्रथिनाशीं जुळून हिमोग्लोबिनचा एक रेणु होतो, व एका मानवी रक्तकणांत असे सुमारें २७ कोटि रेणु असतात. इतका माल भरला कीं कण आपलें केंद्रक व भट्ट्या दोन्ही टाकून देतो. (कोंबडीचा रक्तकण केंद्रक शेवटपर्यंत बाळगतो.) भट्ट्या गेल्यामुळें तो वाहून नेत असलेला प्राणवायु स्वतः खर्चीत नाहीं, गाडीवानानें गाडींतील पोत्यांस हात लावूं नये, तसेंच हें.

आतां शिशाची गोष्ट. जुन्या बॅटरीच्या पट्ट्या, शिसेयुक्त रंगाचे पोपडे वासरें आवडीनें चाटतात. शिसें एकदम फार गेलें तर आंधळेपणा व झटके येऊन जनावर दगावतें. थोडें थोडें जात राहिलें तर तें हीमाच्या घडणींत दोन ठिकाणीं आड येतें. कडें तयार झालें तरी त्यांत लोह बसत नाहीं, जस्त जाऊन बसतें. अशा वेळीं लोहाच्या बाटल्या रित्या करून काय होणार?

म्हणून पांढुरकें वासरूं दिसतांच आधीं गोचीड व जंत पाहावे, कारण ते रक्ताबरोबर लोहही नेतात. मग गोठ्याभोंवतीं टाकलेली बॅटरी, रंगाचे डबे आहेत काय तें शोधून पशुवैद्यास स्पष्ट सांगावें व रक्त तपासून घ्यावें. अंदाजानें लोहाचीं इंजेक्शनें देत राहूं नये. जास्त झालेलें लोह बाहेर टाकण्याची सोय देहांत जवळजवळ नाहीं.