कोबीचं बी डोंगरात का तयार होतं?

कुलू खोऱ्यातल्या कटराईंला, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र कोबी-फ्लॉवरच्या बियाण्यावर काम करतं. समशीतोष्ण कोबीला फुलोऱ्यासाठी काही आठवडे कडक थंडी लागते, म्हणून नाशिकच्या शेतात गड्डा उत्तम भरतो, पण बी धरत नाही. माझ्या मते खरी गंमत त्यापुढे आहे. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. थंडीत दाणा सावकाश पिकतो, त्याला साठा भरायला जास्त दिवस मिळतात. कोबीसारख्या मोहरीवर्गातल्या अशा बियांच्या तेलात लिनोलेनिकसारख्या असंतृप्त मेदाम्लांचं प्रमाण वाढतं.

यावर कुणी म्हणेल, हा परिणाम उंचीचा नाही, तापमानाचा. बरोबरच आहे, बराचसा तापमानाचाच. वर अतिनील किरण वाढतात, तेही धरायला हवेत. पण म्हणून जितकं उंच तितकं चांगलं, असं मुळीच नाही. फार वर हंगाम आखूड पडतो, दाणा कच्चा राहतो आणि कच्च्या बियांची उगवण कमजोर असते. शिवाय असंतृप्त तेल लवकर खवट होतं, त्यामुळे डोंगरातलं बी नीट वाळवून कोरडं ठेवलं नाही, तर त्याचा जोम साठवणीतच ओसरतो.